लाल वहीतली दोन नावे



दर आठवड्याला मी बियाणे, खते आणि कीड यांच्याबद्दल सांगतो. आज ते बाजूला ठेवून एका प्रवासाचे सांगणार आहे. घाबरू नका, गाडी कितीही भटकली तरी शेवटी बेटेगावच्या बांधावरच येऊन थांबणार आहे.

मागच्या डिसेंबरात, भात झोडून कणगीत पडल्यावर, आम्ही दोघे नवरा-बायको बारा दिवस व्हिएतनाममध्ये फिरून आलो. पाठीवर एकेक पिशवी, बरोबर ना कंपनीचा माणूस, ना ठरलेली बस. गोरी तरुण पोरे अशी हिंडतात हे तुम्ही पाहिले असेल. बोईसर-चिल्हार रस्त्यावर नाक्यापाशी आम्ही पिशव्या अडकवून रिक्षाची वाट पाहत होतो, तेव्हा एका ओळखीच्या म्हाताऱ्याने विचारले, "काय साहेब, नर्मदा परिक्रमेला का?" त्याचे काही चुकले नाही. पडशी खांद्यावर टाकून जोडीने निघणे आपल्याला नवे नाही. पंढरीची वाट अशा जोड्यांनी कितीतरी वर्षे तुडवली आहे. फक्त देव भेटायचा नसेल तर बायकोला घेऊन कशाला हिंडायचे, असा आपला हिशेब असतो.

हे खूळ डोक्यात कसे शिरले तेही सांगतो. शासनाची शेतकऱ्यांसाठी परदेश अभ्यास दौऱ्याची योजना आहे. खर्चाचा काही भाग ठरावीक मर्यादेपर्यंत शासन देते. नोकरीच्या अठ्ठावीस वर्षांत मी अशा दौऱ्यांचे अर्ज अनेकांचे भरून दिले. सातबारा स्वतःच्या नावावर हवा आणि घरटी एकालाच संधी. एकदा रात्री असे अर्ज तपासत बसलो असताना आमच्या सौभाग्यवती भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अहो, ह्या गठ्ठ्यात एक तरी बाई आहे का?" मी गठ्ठा पुन्हा चाळला. एकही नव्हती. सातबाराच नाही, तर अर्ज कुठून येणार?

म्हटले, दौरा नको, अनुदान नको. आपणच जाऊ, पण दोघे जाऊ. पु. ल. देशपांडे सुनीताबाईंसह पूर्वेकडच्या देशांत हिंडून आले होते, त्याचे 'पूर्वरंग' मी दापोलीला बी.एस्सी. करताना वसतिगृहात वाचले होते. तेव्हापासून तिकडची ओढ होतीच. कार्यालयाची रीतसर परवानगी काढली. दोन म्हशी भावजयीच्या स्वाधीन केल्या. व्हिसा घरबसल्या संगणकावर मिळाला, माणशी पंचवीस डॉलर. स्वस्त तिकिटात सात किलोच सामान हातात नेता येते, म्हणून दोघांच्या पिशव्या दुकानातल्या तराजूवर तोलल्या. सौ.च्या पिशवीत लसणाची चटणी जास्त झाली होती, ती कमी करावी लागली. मुंबईहून पाच तासांत माणूस हो चि मिन्ह शहरात, म्हणजे जुन्या सायगावात उतरतो.

त्या शहराबद्दल फार सांगत नाही. रस्त्यावर माणसांपेक्षा स्कूटरी जास्त आणि रस्ता ओलांडायला छाती हवी, एवढे पुरे. तिथून बसने चार तासांवर कांथो. मेकाँग नदी समुद्राला मिळण्याआधी अनेक फाटे फोडते, त्या गाळाच्या मुलखातले हे मोठे गाव. जिकडे पाहावे तिकडे पाणी, नारळ, केळी आणि भात. सौ. खिडकीतून पाहत म्हणाल्या, "हे तर आपलं केळवे-माहीमच, फक्त पसरून ठेवलेलं."

पहाटे कायरांगचा नदीवरचा बाजार पाहिला. होडीत जो माल असेल त्याचा एक नग उंच बांबूला टांगतात. अननस टांगला असेल तर अननसाची होडी, भोपळा असेल तर भोपळ्याची. लांबून दिसते, ओरडावे लागत नाही. रस्ते आणि पूल झाले तसा हा बाजार आटत चालला आहे, होड्या वर्षागणिक कमी होतात. आपल्याकडे बंदरांवरचा गलबतांचा व्यापार रस्त्यांनी असाच संपवला.

आता थोडे भाताचे, नाहीतर वाचक म्हणतील साहेब सुधारले. वयस्कर वाचकांना आय. आर. ८ आठवत असेल. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली हे बुटके वाण दिले. इंडोनेशियाचे उंच 'पेटा' आणि तैवानचे एक बुटके वाण यांचा तो संकर. आपल्याकडची 'रत्ना' ही आय. आर. ८ चीच लेक. व्हिएतनामी लोकांनी त्याच वाणाला आपल्या शेतीच्या देवाचे नाव दिले होते. म्हणजे आपले आणि त्यांचे भात एका गोत्रातले.

पण नुसत्या वाणाने पोट भरले नाही. तिथे सामुदायिक शेती होती, कोणाचे कशावर लक्ष नव्हते आणि तांदूळ बाहेरून आणावा लागे. १९८८ साली जमीन कसणाऱ्या कुटुंबांच्या हवाली केली. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, तो देश तांदूळ निर्यात करू लागला. आज जगातल्या मोठ्या निर्यातदारांत त्याची गणना होते. आता त्यांचे दुखणे उलटे आहे. फेकून पेरायचे, म्हणून बी वारेमाप, हेक्टरी दीडशे-दोनशे किलोपर्यंत. त्यावर भरमसाट युरिया, त्यामुळे तुडतुडे, मग औषधे. म्हणून तिथले माझ्यासारखे विस्तारवाले एकच घोकतात : एक गोष्ट सक्तीची, पाच कमी करायच्या. सक्ती प्रमाणित बियाण्याची. कमी करायचे ते बी, पाणी, खत, औषध आणि काढणीनंतरची नासाडी. बी सत्तर-ऐंशी किलोवर आणण्याची खटपट चालू आहे. आपल्या आवणीला हेक्टरी चाळीस किलोच्या आसपास पुरते हे मी सांगितले, तर ऐकणाऱ्या शेतकऱ्याचा विश्वास बसेना. पण आवणीला लागणारी माणसे आणि त्यांच्या कमरा सौ.नी त्याला हातवारे करून दाखवल्या, तेव्हा तो जोरजोरात मान हलवू लागला.

समुद्राकडच्या बाजूला एक दिवस गेलो. तिथे आपल्या खाजणासारखी खारी जमीन आहे. पावसाळ्यात गोड पाण्याने मीठ धुऊन निघते, तेव्हा भात. भात निघाला की खारे पाणी आत घेऊन त्याच खाचरात कोळंबी. कोळंबीच्या विष्ठेचे आणि उरल्यासुरल्या खाद्याचे खत पुढच्या भाताला मिळते. आणि औषध मारले तर कोळंबी मरेल या धाकाने भातावर कोणी फवारत नाही. धाकाने का होईना, फवारा बंद! पण घाईने नक्कल करू नका. कोळंबीला रोग आला की एका रात्रीत तळे बसते, आपल्याकडे त्याला परवानग्या लागतात, आणि तुमचे खारे पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत उतरले तर भांडण पिढ्यान्‌पिढ्या चालेल. तिथेही २०१६ आणि २०२० साली दुष्काळात समुद्राचे पाणी नद्यांतून खूप आत शिरले आणि भात करपला. तूर्त आपल्या खाजणासाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राची क्षार सोसणारी वाणे आहेत, आधी ती लावून पाहा.

आता मुख्य गोष्ट.

कांथोजवळ आम्ही एका शेतकऱ्याच्या घरी पैसे देऊन उतरलो होतो. शेजारच्या खोलीत एक परदेशी तरुण जोडपे. सहा महिने देशोदेशी हिंडत होते. त्यांची पिशवी माणसाएवढी. सौ. म्हणाल्या, "ह्यांनी तर घरच पाठीवर घेतलंय, गोगलगायीसारखं." तिसऱ्या दिवशी सकाळी मागच्या पडवीतून हाक आली, "अहो, इकडे या, ह्या बघा फेण्या!" खरेच फेण्या. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ताणलेले फडके, त्यावर तांदळाचे पातळ पीठ पळीने फिरवायचे, झाकण, दोन श्वास, आणि बांबूच्या पट्टीने अलगद उचलून कामट्यांच्या तट्ट्यावर वाळत टाकायचे. आपल्याकडे पानावर घालतात, तिथे फडक्यावर, एवढाच फरक. घरधनीण हसली, बाजूला सरकली. सौ.ची पहिली फेणी फाटली, दुसरी दुमडली, तिसरी गोल आली. मग दोघी मांडी घालून बसल्या. एकीला मराठी, दुसरीला व्हिएतनामी. मध्ये माझा मोबाइल दुभाषा.

सौ.नी विचारले, शेत किती? ती म्हणाली, अर्धा हेक्टर. मग यांनी विचारले, सातबारा कोणाच्या नावावर? मोबाइलने त्याचे भाषांतर 'सात, बारा' असे आकडे म्हणून केले. बाईला वाटले आम्ही खोलीचे भाडे पाडून मागतो आहोत. ती बोटांनी आकडे दाखवू लागली! शेवटी मी 'जमिनीचा कागद' असे टाइप केले, तेव्हा ती उठली आणि आतून एका प्लॅस्टिकच्या पिशवीतली झेरॉक्स घेऊन आली. तिथे याला लाल वही म्हणतात. नव्या वहीचा रंग गुलाबी आहे, पण लोकांच्या तोंडी लालच राहिली, जसा आपला उतारा ऑनलाइन झाला तरी आपण 'काढायलाच' जातो. मूळ वही बँकेत होती, पीककर्जापोटी. कागदावर दोन नावे होती. एक तिच्या नवऱ्याचे आणि एक तिचे. कर्जाच्या कागदावर सह्याही दोघांच्या.

तिथला कायदा मला नंतर नीट समजला. जमीन मालकीची नसतेच, ती साऱ्या जनतेची आणि शासनाच्या ताब्यात. शेतकऱ्याला कसण्याचा हक्क मिळतो, तोही मुदतीने. २००३ च्या जमीन कायद्याने ठरवले की जोडप्याच्या सामाईक जमिनीच्या दाखल्यावर नवरा-बायको दोघांची नावे घालायची. सगळीकडे ती लागली आहेत असे नव्हे, जुन्या दाखल्यांवर एकट्या पुरुषांची नावे अजून आहेत. शासनाला हवी तेव्हा जमीन तिथेही जाते. तेव्हा तिथे सारे आलबेल आहे असे मी म्हणणार नाही.

पण सौ.नी तो कागद हातात धरून ठेवला होता. वाचता तर येत नव्हता. दुसऱ्या नावावरून बोट फिरवून त्यांनी तो परत दिला आणि पीठ ढवळायला घेतले. मला काही बोलल्या नाहीत.

पुढे दा नांगकडे वर गेलो, मी सन पाहिले. चाम राजांनी बांधलेली विटांची शिवमंदिरे, डोंगरांच्या कुशीत. चौथ्या शतकापासूनचे हे ठिकाण, संस्कृत शिलालेख आहेत. १९६९ साली अमेरिकी बॉम्बनी त्यातले सर्वांत भव्य मंदिर पडले. आपल्या पुरातत्त्व खात्याने २०१७ पासून काही मंदिरांची डागडुजी केली, तेव्हा २०२० मध्ये नवव्या शतकातले अखंड शिवलिंग सापडले. आम्ही गेलो त्या दिवशी धो धो पाऊस. तिकडे डिसेंबरात पाऊस असतो हे शेतीखात्यातल्या माणसाने आधी पाहायला नको का? ते सौ.नी वाटेत तीनदा ऐकवले. चाम लोकांत आजही घर आणि जमीन मुलीकडे जाते, असे मी त्यांना छत्रीखाली सांगितले. "मग?" एवढेच उत्तर आले. (शिवाजी महाराज आणि व्हिएतनाम अशी एक गोष्ट मोबाइलवर फिरते. मी विचारलेल्या कोणालाही ती ठाऊक नव्हती. महाराज थोर आहेत, त्यांना असल्या टेकूची गरज नाही.)

घरी आलो. म्हशी वाळल्या होत्या, भावजय रुसली होती. आमच्या गावाजवळ बुलेट ट्रेनच्या बोईसर स्थानकाचे काम चालू आहे. महामार्ग आला, वाढवण बंदर येते आहे. या पट्ट्यात जमीन कधी मोजली जाईल याचा नेम नाही. मोजणीला आलेला माणूस राबणारे हात पाहत नाही, सातबाऱ्यावरचे नाव पाहतो. मोबदल्याचा धनादेश त्याच नावाने निघतो. तीस वर्षे आवणी केलेल्या बाईला किती आले आणि कुठे गेले हे शेजाऱ्याकडून कळते, अशी घरे तुम्हांलाही ठाऊक आहेत.

आपल्याकडे वाट नाही असे नाही. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. नवऱ्याने आपल्या जमिनीतला वाटा आपणहून बायकोच्या नावे करायचा. १९९२ साली शासनाने त्याला धरून आदेश काढला. पतीने स्वखुशीने तहसीलदारांकडे अर्ज करायचा आणि पत्नीचे नाव सहधारक म्हणून लागते. तेव्हा मी दापोलीत शिकत होतो. वक्तृत्व स्पर्धेत या विषयावर मी बोललो होतो आणि बक्षीस म्हणून स्टीलचा पेला मिळाला होता. तो पेला अजून घरात आहे. आमच्या दोन एकरांच्या सातबाऱ्यावर मात्र एकच नाव होते.

मागच्या सोमवारी अर्ज लिहायला बसलो. तलाठ्यांना, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, कागद विचारून घेतले होते. ओळखीच्या एकाने काळजीने विचारले, "साहेब, प्रकृती बरी आहे ना?" अर्जात मी सौ.चे नाव लिहिले, लग्नात तांदळात अंगठीने काढलेले. सौ. चष्मा लावून वाचत होत्या. म्हणाल्या, "आधारवर हे नाही. माझं माहेरचं आहे." तीस वर्षे हाक मारतो आहे ते नाव खोडले. मग नवा कागद घेतला आणि तेवढी ओळ त्यांना लिहायला दिली. त्यांनी आधी मागच्या कोऱ्या बाजूवर दोनदा लिहून पाहिले, मग पुढे लिहिले. अर्ज दिला आहे. फेरफाराची नोंद अजून व्हायची आहे.