रेंज फाटकापाशी, रुग्ण खाटेवर

कालव्याला पाणी सुटले की वहीत पाळी पूर्ण झाल्याची नोंद होते. पण टेलच्या शेतकऱ्याला जाऊन विचारा. त्याच्या चारीत बऱ्याचदा ओलसुद्धा गेलेली नसते. मुखाशी पाणी धो धो आणि टेलला धूळ, हे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. आपल्या भागातल्या सरकारी दवाखान्यांत मोबाइल आणि इंटरनेटचे आज अगदी हेच चालले आहे. कागदावर गावात नेटवर्क आहे, दवाखान्यात वाय-फाय आहे. पण रुग्ण ज्या खाटेवर पडलेला असतो, त्या खाटेपर्यंत ते पोचत नाही.

तुम्ही म्हणाल, शेतीखात्याच्या माणसाला दवाखान्याच्या रेंजची उठाठेव कशाला? त्याचे कारण सांगतो.

गेल्या खरिपातली गोष्ट. कपाशीवर फवारणी जोरात चालू होती. एका गावचा शेतमजूर पंप पाठीवर असतानाच भोवळ येऊन पडला. अंगाला दरदरून घाम, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या. घरच्यांनी त्याला मालवाहू गाडीत घालून ग्रामीण रुग्णालयात नेले. चारच्या सुमारास मला त्याच्या पोराचा फोन आला. "साहेब, डॉक्टर इचारून राह्यले, कोन्तं औषध मारत होते म्हून. मले तं नावच मालूम नाही. डबा वावरातच राह्यला." मी म्हटले, "घाबरू नको. वावरात कोणाला तरी पाठव, डब्यावरच्या चिठ्ठीचा फोटो काढायला सांग अन्..." एवढ्यात आवाज तुटला. पुन्हा लावला तर फोन संपर्काच्या बाहेर.

मग मीच वावराच्या मालकाला फोन केला आणि फोटो मागवले. दोन औषधे एकत्र करून मारली होती. दोन्ही लेबलांचे फोटो पोराला पाठवले. एकच टिक आली, दुसरी काही येईना. शेवटी गाडीला किक मारली आणि निघालो. पोचलो तर पोरगा रुग्णालयाच्या फाटकाजवळ लिंबाखाली फोन उंच धरून उभा. त्याच्यापासून चार हातांवर ड्युटीवरचे डॉक्टर. मेडिकल कॉलेजच्या वरिष्ठांशी बोलायचे होते, वॉर्डात आवाज नीट येत नव्हता, म्हणून तेही बाहेर आलेले. रुग्ण आत आणि डॉक्टर लिंबाखाली!

यात डॉक्टरांचा दोष नव्हता. लक्षणे ओळखून त्यांनी उपचार आधीच सुरू केले होते. मजूर वाचला, पाचव्या दिवशी घरी गेला. पण लेबल डॉक्टरांच्या नजरेला पडायला पाऊण तास गेला, तो निव्वळ रेंजपायी. सगळ्यांचेच नशीब इतके बलवत्तर असेल असे नाही.

लेबलाला एवढे महत्त्व का, हे फवारणी करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे. सगळ्या कीटकनाशकांवर एकच उतारा नसतो. ऑर्गेनोफॉस्फेट गटातल्या औषधाची बाधा झाली तर ॲट्रोपिन आणि त्याच्या जोडीला दुसरे उताऱ्याचे औषध देतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाला तसा नेमका उतारा नाही, तिथे लक्षणांप्रमाणे उपचार करावे लागतात. दोन-तीन औषधांचे मिश्रण असले की काम आणखी अवघड. डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो, त्यावरून विषाची तीव्रता कळते. घटकाचे नाव आणि उतारा लेबलावर छापलेला असतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. तेव्हापासून आम्ही गावोगाव सांगतो की रुग्णाबरोबर डबा न्या, निदान लेबलाचा फोटो तरी न्या. पण फोटो खाटेजवळच्या डॉक्टरपर्यंत पोचणारच नसेल, तर आमच्या सांगण्याचा उपयोग काय?

आणि प्रश्न एकट्या विषबाधेचा नाही. दवाखान्याचा जवळजवळ प्रत्येक धागा आता या अदृश्य तारेला बांधला गेला आहे. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका फोनवर येते. रुग्णाला पुढे पाठवायचे तर तिथे खाट रिकामी आहे का, हे फोनवरच विचारावे लागते. २०१९ साली सुरू झालेल्या ई-संजीवनी सेवेत आरोग्य केंद्रात बसून मोठ्या डॉक्टरांचा सल्ला घेता येतो, पण चित्र अडकले की सल्लाही अडकला. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी काढून शहरातल्या तज्ज्ञाला पाठवता येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची नोंदणी आणि मंजुरी संगणकावरून होते. लशींच्या फ्रीजमध्ये २ ते ८ अंश तापमान राखावे लागते आणि तिथला तापमापक आपली नोंद सिमकार्डावरून वर पाठवतो. म्हणजे रेंज ही दवाखान्यात चैनीची वस्तू राहिलेली नाही. सलाइनच्या बाटलीइतकीच ती गरजेची झाली आहे.

मग गावात टॉवर असून आत रेंज का नाही? कारणे साधी आहेत. सिमेंटच्या स्लॅबमधले लोखंड आणि छपराचे पत्रे रेडिओ लहरी अडवतात. जुन्या इमारतींच्या जाड भिंती त्यांना क्षीण करतात. एक्स-रेच्या खोलीला तर किरण बाहेर जाऊ नयेत म्हणून शिशाचा थर दिलेला असतो, तिथे लहरी आत येण्याची आशाच नको. त्यात वॉर्ड बहुधा मागच्या अंगाला आणि टॉवर पुढच्या रस्त्याला.

वाय-फायची कथा निराळी. बहुतेक ठिकाणी एकच राउटर असतो आणि तो कार्यालयात, संगणकाशेजारी. विहिरीपाशी एक स्प्रिंकलर लावून पाच एकर भिजेल काय? वाय-फायच्या लहरी दोन पट्ट्यांत चालतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर जरा लांब जाते, भिंतही थोडीफार पार करते, पण तिचा वेग कमी. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण एक-दोन भिंतींतच तिचा दम निघतो. त्यामुळे कार्यालयात सगळे उत्तम आणि प्रसूतिगृहात काही नाही, असे होते. त्यावर वीज गेली की राउटर बंद. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली की आठ-आठ दिवस बंद. बिल थकले की तेही बंद.

उपाय ठिबकसारखाच आहे. मेनलाइन पक्की हवी, प्रत्येक ओळीला लॅटरल हवी आणि शेवटच्या ड्रिपरमधून थेंब पडतोय का, हे वाकून पाहायला हवे.

पहिले काम मोजणीचे. त्याला पैसा लागत नाही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिम असलेले दोन फोन घ्या आणि दवाखाना पायी फिरा. बाह्यरुग्ण विभाग, औषध खिडकी, प्रसूतिगृह, प्रत्येक वॉर्डातली शेवटची खाट, लशीची खोली. प्रत्येक ठिकाणी फोन लावून पाहा, एक फोटो पाठवून पाहा आणि किती वेळ लागला ते लिहा. सकाळी, गर्दीच्या वेळी आणि रात्री, असे तीनदा करा. इमारतीचा कच्चा नकाशा काढून त्यावर लागते, तुटते, लागत नाही अशा खुणा करा. कंपन्यांना २०२४ च्या नियमांनुसार आपापल्या कव्हरेजचा नकाशा संकेतस्थळावर द्यावा लागतो. पण तो नकाशा रस्त्यावरची गोष्ट सांगतो, वॉर्डातल्या खाटेची नाही. ती आपणच सांगायची आहे.

दुसरे काम मेनलाइनचे. भारतनेट योजनेतली ऑप्टिकल फायबर ग्रामपंचायतींपर्यंत आणायची आहे, बऱ्याच ठिकाणी ती आलीही आहे. आरोग्य केंद्र तिथून जवळ असेल तर जोडणी पुढे नेण्याची मागणी लेखी करावी. जोडीला सिमकार्डावर चालणारा एक राउटर असावा, म्हणजे केबल तुटली तरी काम अडणार नाही. एका बैलावर नांगर धरू नये.

तिसरे काम लॅटरलचे. कार्यालयातल्या राउटरपासून प्रत्येक वॉर्डापर्यंत तार ओढून तिथे वाय-फायचा छोटा डबा बसवायचा. तार नसलेले, नुसती लहर पुढे ढकलणारे यंत्र स्वस्त पडते, पण मुळातच क्षीण आलेली लहर ते पुढे ढकलणार. हे सगळे डबे इन्व्हर्टरवर घ्यायला विसरू नका. वॉर्डात वाय-फाय चांगले आले की बहुतेक नव्या फोनमध्ये त्याच्यावरून साधा कॉलही लागतो. एअरटेल आणि जिओने ही सोय २०१९-२० मध्येच सुरू केली. फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करायचे, नंबर तोच राहतो.

चौथे, पाण्याची वाटणी. कर्मचाऱ्यांची लाइन वेगळी आणि नातेवाइकांची वेगळी ठेवावी. शेतीपंपाचा फीडर गावठाणापासून वेगळा करतात तसेच हे. नाही तर बाहेर बाकावर बसलेले चार जण व्हिडिओ पाहत बसतील आणि आत ईसीजी जाता जाणार नाही. कर्मचाऱ्यांच्या लाइनचा पासवर्ड भिंतीवर चिकटवू नये. रुग्णाचे कागद, फोटो ही त्याची खासगी बाब आहे. ते गावाच्या ग्रुपवर फिरता कामा नयेत.

एक सावधगिरी. सिग्नल वाढवणारे बूस्टर बाजारात मिळतात, ते कोणी देणगी म्हणूनही आणून लावू नयेत. परवानगीशिवाय असे यंत्र लावणे बेकायदा आहे आणि त्याने आजूबाजूच्या टॉवरचे काम बिघडते. इमारतीच्या आत सिग्नल वाढवायचा तर तो मोबाइल कंपनीकडूनच वाढवून घ्यावा.

काही गावांत टॉवर नको म्हणूनही ओरड होते. किरणांची भीती लोकांच्या मनात आहे, तिची टिंगल करू नये. पण हेही सांगायला हवे की १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्या देशात टॉवरच्या किरणांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठेवलेली आहे. शंका असेल तर टॉवरची तपासणी मागावी, पण दवाखान्याची वाट अडवू नये. यंत्रांचे म्हणाल तर फोन यंत्राला चिकटवून ठेवू नये, हातभर दूर ठेवावा आणि नर्सबाई सांगतील तिथे बंद करावा, एवढे पथ्य पुरे.

आता हे करायचे कोणी? ग्रामीण रुग्णालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या बैठकीत हा विषय किती वेळा येतो? रंगरंगोटी येते, फलक येतो, पडदे येतात. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले ग्रामसेवक, यांनी हा विषय ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घ्यावा. सपाट भागात ३० हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. म्हणजे एका गावाचे काम नव्हे, आसपासच्या सगळ्या ग्रामपंचायतींनी मिळून ठराव केला तर त्याला वजन येईल. ठराव मोघम नको. "नेटवर्क सुधारावे" असे लिहिलेला कागद फायलीत झोपतो. "प्रसूतिगृहात दोन्ही कंपन्यांचा फोन लागत नाही, रात्री नऊला मोजले, नकाशा सोबत जोडला आहे" असा कागद तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि कंपनीला एकदम द्या, पोच घ्या. मागे लागल्याशिवाय पाणी टेलला येत नाही, हे शेतकऱ्याला शिकवायला नको.

आरोग्य खात्यालाही एक सांगणे आहे. यंत्रे आणि ॲप खाली पाठवताना ती चालतील एवढी लाइन तिथे आहे का, ते आधी बघावे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रेंज नसली की नर्सबाई दिवसा रुग्ण पाहतात आणि रात्री घरी जाऊन माहिती भरतात. आणि लाइन कधी ना कधी तुटणारच हे धरून चालावे. महत्त्वाचे नंबर भिंतीवर रंगवलेले असावेत. त्यात दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा रात्रंदिवस चालणारा नंबर असावा. जुना लँडलाइन फोन चालू असेल तर तो काढून टाकू नये.

शेतकरी बंधूंनी आपल्यापुरते एवढे करावे. फवारणीला निघताना लेबलाचा फोटो आधीच काढून फोनमध्ये ठेवावा. नेट नसले तरी फोनमधला फोटो डॉक्टरांना दाखवता येतो. जमेल तर रिकामा डबा पिशवीत बांधून सोबत न्यावा.

येत्या ग्रामसभेत, मग ती १ मेची असो, १५ ऑगस्टची असो, २ ऑक्टोबरची की २६ जानेवारीची, एक प्रश्न विचारा. आपल्या दवाखान्यात शेवटच्या खाटेवरून फोन लागतो का? उत्तर कोणाला माहीत नसेल, तर सभा संपल्यावर चार जणांनी फोन घेऊन तिथपर्यंत चालत जावे आणि पाहून यावे. पुढच्या हंगामात लिंबाखाली उभे राहायची पाळी आपल्यापैकी कोणाच्या पोरावर येईल, हे आज सांगता येत नाही.