रानडुक्कर आणि बंदुकीची गोळी

धान लोंबीवर आलें कीं भंडारा जिल्ह्यांतील बांध्यांत रानडुकरांचे कळप शिरतात आणि एका रात्रींत वर्षाचे श्रम मातीस मिळतात, हें शेतकरी बंधूंस सांगावयास नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें वनखात्याच्या परवानगीवांचून हें जनावर मारणें गुन्हा आहे. परंतु परवानगी मिळालेल्यांनींहि एक समजूत सोडावी, असें आमचें मत आहे. ती अशी कीं, गोळी जितकी वेगवान तितकी ती खोल जाते.

वेग दुप्पट झाला म्हणजे गोळीची शक्ति चौपट होते, हें खरें. पण ती शक्ति कोठें खर्च होते हें गोळीच्या घडणीवर अवलंबून असतें. मऊ टोकाची हलकी गोळी अतिवेगानें आदळली म्हणजे फुटून वरच्यावरच थांबते. नराच्या खांद्यावर तर चिवट कातड्याची ढालच असते. उलट पूर्ण कवचाची कठीण गोळी लहान छिद्र पाडून आरपार जाते, व पुढें शेजाऱ्याच्या बांधींत कोणास लागेल याचा नेम नाहीं. बारीक छर्रे तर कातड्यांतच अडकतात.

सबब वजनदार, मऊ टोकाची, मध्यम वेगाची गोळी जवळून व नेमकी झाडावी. तें साधत नसल्यास बंदूक उचलूंच नये. जखमी डुक्कर धानांत दडतें आणि सकाळीं विळा घेऊन वांकलेल्या मजुरणीवर धांवून येतें. पीक राखतांना माणूस गमावणें ही राखण नव्हे.