वाडे पाहणारे आणि वाडे राखणारे

रविवारी सकाळी पुण्याच्या कसबा पेठेतून फेरफटका मारणारास जुने वाडे पाहत हिंडणाऱ्या हौशी मंडळींचे घोळके हटकून भेटतात. आपल्या शहराचे पूर्वरूप जाणून घेण्याची ही आवड स्वागतार्ह आहे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु महिरपींची आणि सुरूच्या खांबांची तारीफ करून ही मंडळी घरी परततात, तेव्हा टेकू दिलेल्या तुळईखाली राहणारास येत्या पावसाळ्याची चिंता असते. वाडा पाहणारे पुष्कळ. तो राखण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच आहे.

पहिल्या बाजीरावांनी १७३० साली शनिवारवाड्याचे काम सुरू केले. १८२८ च्या आगीत आतील इमारती भस्मसात झाल्या. तट, दरवाजे आणि जोती तेवढी राहिली. त्यांना केंद्र सरकारचे संरक्षण आहे, हे उचितच होय. पण शहर म्हणजे एकटा राजवाडा नव्हे. पेशव्यांच्या आश्रयाने सरदार, सावकार, कारकून आणि कारागीर येथे वसले. चौकाला चौक जोडून त्यांनी घरे बांधली. नानासाहेबांच्या काळात कात्रजहून आणलेले पाणी पेठांतील हौदांत खेळू लागले. ही वस्ती वजा केली, तर शनिवारवाडा उरेल, जुने पुणे उरणार नाही.

१९६१ च्या पानशेतच्या पुराने या वस्तीवर एका दिवसात घाला घातला. कायद्यांचा घाला सावकाश पडत आहे. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठविली. त्याच्या जागी नवा कायदा २००० साली लागू झाला. तरीही अनेक वाड्यांतील भाड्यातून कौले बदलण्याइतकीही रक्कम उभी राहत नाही. मालकाला दुरुस्ती परवडत नाही आणि भाडेकरूस जागा सोडवत नाही. त्यातच २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास बंदी घातली. स्मारकासाठी मर्यादा हवी, हे आम्हांसही मान्य आहे. पण सर्व समाजाच्या समाधानाचे मोल शेजारच्या काही कुटुंबांनीच का द्यावे?

या अनास्थेचा शेवट काय होतो, हे भिडे वाड्याने दाखविले आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली जेथे मुलींची शाळा काढली, ती वास्तू वर्षानुवर्षे मोडकळीस येत राहिली. आणि प्रदीर्घ न्यायालयीन वादानंतर २०२३ साली, राष्ट्रीय स्मारक उभारण्यासाठी, ती पाडावी लागली. स्मारक अवश्य व्हावे. परंतु मूळ वास्तू हातची घालवून तिचे स्मारक बांधण्याची पाळी आपल्यावर यावी, यात भूषण कोणते?

वारसा-वास्तूंच्या मालकांना हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची तरतूद विकास नियमावलीत आहे. तिचा लाभ छोट्या मालकाच्या पदरात सुलभपणे पडावा, दुरुस्तीसाठी शासनाने व महापालिकेने प्रत्यक्ष अर्थसाहाय्य द्यावे, आणि भाडेकरूंच्या हक्कांस बाध न आणता ते खर्ची पडावे, अशी आमची मागणी आहे. जे राखावे असे सर्वांस वाटते, त्याचा भार सर्वांनीच उचलला पाहिजे. नुसत्या कौतुकाने कौले शाकारली जात नाहीत.