गाण्याचे कूळ, नावाचे मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. सिनेमाच्या गाण्याबद्दल असे कुणी म्हटलेले नाही आणि म्हटले असते तरी ते कुणी ऐकले नसते. रविवारची जेवणे उरकलेली असतात, सुपारीचे खांड तोंडात घोळत असते आणि कुणाच्या तरी मोबाइलवर एखादे जुने गाणे लागते. 'गीता दत्त,' काका म्हणतात. 'छे, शमशाद,' आत्या पदर सावरून सरसावते. मग चित्रपट कोणता, साल कोणते, पडद्यावर कोण होते... दुपारची झोप सगळ्यांचीच उडते.

पूर्वी असा वाद मिटायचा तो ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने. आता घरातली दहावीतली मुलगी तो प्रश्न फोनवरून चार अनोळखी माणसांपुढे टाकते आणि चहा होईपर्यंत उत्तरे यायला लागतात. कुणी इंदूरचा, कुणी टोरांटोचा. कुणी पेटीतली तबकडी काढून तिच्या लेबलाचे छायाचित्रच पाठवतो. आपले नाव-गाव ठाऊक नसलेला माणूस आपल्या आत्याच्या गाण्यासाठी माळ्यावर चढतो, हे पाहून पहिल्यांदा हसू येते आणि मग थोडे भरूनही येते.

शहाणी माणसे म्हणतील, काय हा रिकामटेकडेपणा! गाणे ऐकावे, सोडून द्यावे. कुणी गायले याने काय फरक पडतो?

फरक पडतो. १९४९ सालच्या 'महल'चेच पाहा. त्यातले ते येणाऱ्याची वाट पाहणारे गाणे, संगीत खेमचंद प्रकाश यांचे. रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा तिच्यावर गायिकेचे नाव छापलेले होते 'कामिनी'. कामिनी हे चित्रपटातल्या पात्राचे नाव! पडद्यावर मधुबाला होती आणि जिने खरे गायले तिचे नाव तबकडीवर कुठेच नव्हते. गाणे रेडिओवर लागू लागले आणि श्रोत्यांची विचारणा सुरू झाली की ही बाई कोण? ती इतकी वाढली की नाव शोधून ते रेडिओवरून सांगावे लागले. लता मंगेशकर हे नाव त्यानंतर कुणाला विचारावे लागले नाही. त्या काळी इंटरनेट नव्हते, होते ते पोस्टकार्ड. पण प्रश्न तोच होता आणि विचारणारेही तसेच, एकमेकांना न ओळखणारे. खेमचंद प्रकाश १९५० सालीच गेले. आपल्या चालीने केवढे दार उघडले, हे पाहायला ते फार दिवस राहिले नाहीत.

लताबाईंचे नाव आज ना उद्या कळलेच असते, असे कुणी म्हणेल. खरे आहे. पण ज्यांनी आयुष्यात दोन-तीनच गाणी गायली, ज्यांनी कोरसमध्ये उभे राहून सूर धरला, ज्यांची बासरी आपण सत्तर वर्षे ऐकत आलो, त्यांचे काय? त्यांच्यासाठी कुणी मोठा चरित्रकार येणार नाही. आलाच तर असा एखादा रिकामटेकडाच येईल.

या रिकामटेकड्यांची चिकाटी किती असू शकते, त्याची एक गोष्ट अलीकडेच जर्मनीत घडली. १९८४ च्या सुमारास उत्तर जर्मनीतल्या एका मुलाने रेडिओवर लागलेले एक गाणे कॅसेटवर उतरवून घेतले. आपल्याकडे 'छायागीत' लागले की टेपरेकॉर्डर सरसावून बसणारी मुले होती, तसाच हा. निवेदकाचे बोलणे मध्ये येऊ नये म्हणून नेमक्या क्षणी बटण दाबण्यात तीही पटाईत असत आणि हाही होता. कॅसेट स्वच्छ उतरली, पण निवेदकाबरोबर गाण्याचे नावही गेले! पुढे वर्षे गेली. २००७ साली त्याच्या बहिणीने तो तुकडा इंटरनेटवर ठेवला आणि विचारले, हे कुणाचे आहे?

कुणालाच सांगता येईना. २०१९ मध्ये ब्राझीलमधल्या एका तरुणाने हा शोध पुन्हा हाती घेतला आणि मग जगभरची हजारो माणसे त्यात पडली. कुणी गाण्यातल्या सिंथेसायझरचा आवाज ओळखला. तो यामाहाच्या डीएक्स-सेव्हनचा, आणि ते वाद्य बाजारात आले १९८३ मध्ये. म्हणजे गाणे त्याआधीचे नव्हे. कुणी त्या काळच्या रेडिओ निवेदकांना गाठले, कुणी तिथल्या संगीत-हक्क संस्थेकडे विचारणा केली. गायक मीच, असे सांगणारे तोतयेही अधूनमधून उगवले आणि मावळले. शेवटी एका शोधकाला जुन्या वर्तमानपत्रांत, तिथल्या रेडिओच्या एका संगीत-स्पर्धेच्या संदर्भात, कील या बंदराच्या शहरातल्या 'फेक्स' नावाच्या वाद्यवृंदाबद्दलचा मजकूर सापडला. त्याने त्यातल्या एका वादकाला गाठले. गाणे त्यांचेच निघाले. त्याचे नाव 'सबवेज ऑफ युअर माइंड'. हे नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. रेडिओवर वाजल्याला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती आणि आपल्या तरुणपणच्या गाण्याला जग शोधते आहे याचा त्या वादकांना पत्ता नव्हता!

या गोष्टीतला जो भाग मला महत्त्वाचा वाटतो तो शेवटचा. सतरा वर्षे तर्क पुष्कळ झाले, पण उत्तर तर्काने आले नाही. ते आले छापील मजकुरातून आणि ज्याने वाजवले त्याला विचारण्यातून. अनोळखी माणसांनी एकमेकांवर विश्वास ठेवला, पण पुरावा मागून ठेवला.

आपण मात्र नेमके इथेच घसरतो. 'आलम आरा' या आपल्या पहिल्या बोलपटाचे उदाहरण घ्या. अर्देशिर इराणींचा हा चित्रपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. का नाही, असे विचारा. दहांतले पाच जण ठामपणे सांगतील की २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत शेवटची प्रत जळाली. त्या जानेवारीत पुण्यात आग लागली होती हे खरे. नायट्रेटच्या जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या फिती त्यात जळाल्या हेही खरे. पण 'आलम आरा'ची प्रत आपल्या संग्रहालयात कधी आलीच नव्हती, असे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची उभारणी ज्यांनी केली त्या पी. के. नायर यांनी स्पष्ट सांगितले होते. संग्रहालय स्थापन झाले १९६४ मध्ये. चित्रपट त्याच्या आधीच हरवलेला होता. तरीही ती आग अजून विझत नाही. लेखात, भाषणात, फोनवरच्या निरोपात ती वर्षातून दोनदा तरी पेटते. एकाने दुसऱ्याचे वाचून लिहायचे, तिसऱ्याने त्या दोघांचे पाहून खात्री पटवून घ्यायची! शिवाय यात एक वाईट गोष्ट होते. आगीला दोष दिला की, १९३१ ते १९६४ या तेहेतीस वर्षांत आपण आपले चित्रपट कसे सांभाळले, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

शमशाद बेगम यांच्या बाबतीत तर याहून विचित्र घडले. १९९८ मध्ये त्याच नावाच्या दुसऱ्या बाई वारल्या. त्या अभिनेत्री नसीम बानूंच्या आई. नावावरून घोटाळा झाला आणि गायिका शमशाद बेगम गेल्या, असे पुष्कळांनी धरून चालले. गायिका मुंबईत आपल्या मुलीच्या घरी होत्या. त्या गेल्या एप्रिल २०१३ मध्ये. जिचा आवाज घरोघरी वाजत होता ती बाई काही वर्षे पुष्कळांच्या लेखी नव्हती, आणि चूक काय, तर कुणी 'या कोणत्या शमशाद?' एवढेच विचारले नाही.

आता यात आणखी एक भर पडली आहे. माणसाला विचारण्याऐवजी लोक संगणकाच्या कृत्रिम बुद्धीला विचारतात. ती कधी अडखळत नाही. चित्रपट, साल, गायक सगळे धडाधड सांगते. त्यातले काही खरे असते, काही तिने जुळवलेले असते आणि दोन्हींचा सूर अगदी एक. आपला काका निदान चुकताना आवाज चढवतो. त्यावरून ओळखता तरी येतो!

मग भरवसा कुणावर ठेवायचा? माझे मत असे की, उत्तर कुणी दिले यापेक्षा त्याला ते कसे कळले, हे विचारण्याची सवय घरात लागली पाहिजे. 'मला ठाऊक आहे' हे उत्तर नव्हे. 'माझ्याकडे तबकडी आहे, तिच्या लेबलावर असे छापले आहे' हे उत्तर. 'सिनेमाच्या पुस्तिकेत असे आहे' हे उत्तर. 'मी वाजवायला होतो' हे तर सोन्याहून पिवळे. कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज़' यांनी 'हिंदी फिल्म गीत कोशा'चे दशकवार खंड सिद्ध केले ते याच वाटेने. १९८० च्या दशकात, पत्रव्यवहाराच्या बळावर, गावोगावच्या शौकिनांकडून एकेक नोंद तपासून घेत. आज फोनवर क्षणात मिळणाऱ्या कितीतरी उत्तरांच्या तळाशी ते खंड आहेत, हे विचारणाऱ्याला माहीतही नसते.

असे विचारत गेले की एक गंमतही हाती लागते. कधी कधी भांडणारे दोघेही बरोबर असतात. १९४८ सालच्या 'अनोखा प्यार'मध्ये अनिल विश्वास यांच्या काही गाण्यांना चित्रपटात आवाज आहे मीना कपूर यांचा, आणि तीच गाणी रेकॉर्डवर आहेत लता मंगेशकरांच्या आवाजात. ज्या आजीने थिएटरात ऐकले तिला मीना कपूर आठवणार, ज्या आजोबांनी ग्रामोफोनवर ऐकले त्यांना लता. दोघांना समोरासमोर बसवून 'तुम्ही कुठे ऐकले?' एवढे विचारले असते, तर घरातला तीस वर्षांचा वाद मिटला असता. आम्ही मात्र दोघांपैकी एकाला खोटे पाडण्याच्या मागे असतो.

जगभरच्या अनोळखी माणसांना विचारण्याआधी, म्हणूनच, घरातल्या ओळखीच्या माणसांना विचारावे. त्यांचे वय थांबत नाही. माळ्यावरच्या ट्रंकेत दोन रुपयांना घेतलेल्या सिनेमाच्या पुस्तिका असतात, गणेशोत्सवातल्या मेळ्याची पत्रके असतात, नावे न घातलेल्या कॅसेटी असतात. दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीवाल्याकडे जातात. द्यायच्याच असल्या तर देण्याआधी त्यांचे एक छायाचित्र काढावे. कॅसेट ठेवायची असली तर तिच्यावर पेनाने लिहावे, कुणाचा आवाज, कोणते साल, कुठे उतरवले. त्या जर्मन मुलाने एवढी एक ओळ लिहिली असती तर हजारो माणसांचे श्रम वाचले असते. कुणी सांगावे, उद्या दूरच्या कुणा परक्या माणसाला जे नाव हवे असेल ते आपल्याच ट्रंकेत पडलेले असेल.

येत्या रविवारी गाणे लागेल, काका-आत्यांची पुन्हा जुंपेल. जुंपू द्यावी. फक्त मुलीने फोन हातात घेण्याआधी आत्याला विचारावे, 'आत्या, तू हे पहिल्यांदा कुठे ऐकलेस?' आणि आत्या जे सांगेल, ते तारीख घालून कुठेतरी लिहून ठेवावे.