शाळेची खबर घरी

पहिलीतले एक मूल शाळेतून घरी येते. दप्तर कोपऱ्यात टाकते. आई विचारते, "आज काय शिकलास?" मूल म्हणते, "काही नाही," आणि खेळायला पळते. असे घरोघरी घडते. मूल खोटे बोलत नसते; आपण काय शिकलो हे नीट सांगण्याएवढे त्याचे वय नसते. म्हणून लहान वर्गांतील शिक्षणाची खबर घरी पोहोचवणे हे शिक्षकाचे काम आहे, असे माझे मत आहे.

हे मत माझ्याच एका चुकीतून बनले. मी नवीन शिक्षक असताना माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगा होता. तो रोज घरी उर्दूचे पुस्तक उघडून धडा घडाघडा म्हणे. आईला वाटे, मुलगा छान वाचतो. खरे तर त्याला धडा तोंडपाठ होता. अक्षरे ओळखता येत नव्हती. मला हे ठाऊक होते. तरी मी प्रगतिपुस्तकात श्रेणी लिहिली, खाली आईचा अंगठा घेतला आणि आपले काम संपले असे समजलो. वर्षाच्या शेवटी मी तिला खरी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "सर, अंगठा घेतला त्याच दिवशी सांगायचं होतं. शेजारच्या मुलीजवळ रोज बसवलं असतं त्याला." माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पुष्कळ शिक्षक म्हणतात, "पालक सभेला येत नाहीत. त्यांना मुलांची काळजीच नाही." मला हे पटत नाही. आमच्या बेंबळीसारख्या गावात सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत आया सकाळीच शेतात जातात. सकाळी अकराची सभा म्हणजे त्यांचा दिवसाचा रोजगार बुडतो. धाराशिव जिल्ह्यातील कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला दूर जातात. शिवाय शाळेतून बोलावणे आले की तक्रारच असणार, अशी भीती पालकांच्या मनात असते. उर्दू शाळेत आणखी एक अडचण येते. प्रगतिपुस्तक उर्दूत असते. आई मराठी शाळेत शिकलेली असते किंवा शाळेत गेलेलीच नसते. मग ते पुस्तक घरी वाचणार कोण?

याबाबत कायदा स्पष्ट आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २४ व्या कलमात शिक्षकांची कर्तव्ये दिली आहेत. पालकांच्या नियमित सभा घेणे आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांना सांगणे, हे त्यांतील एक कर्तव्य आहे. म्हणजे ही माहिती मिळणे हा पालकांचा हक्क आहे. शिक्षकाची मेहरबानी नव्हे.

हे काम अवघड आहे का? 'असर' नावाची पाहणी २००५ साली सुरू झाली. तिच्यात कार्यकर्ते गावोगाव घरी जाऊन मुलांना एक कागद वाचायला देतात. त्यावर अक्षरे, शब्द, सोपा उतारा आणि लहानशी गोष्ट असते. मूल कुठे अडते, हे पाहण्यासाठी आईला स्वतःला वाचता येण्याची गरज नाही. समोर बसून ऐकले तरी तिला कळते.

त्याही आधीचे उदाहरण बोर्डीचे आहे. समुद्रकाठच्या या गावी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायकांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पालक येत नसतील तर आपण जावे, हा धडा आम्हा शिक्षकांना त्यांच्याकडून घेता येतो.

"आम्हाला कामे थोडी आहेत का?" असे काही शिक्षक विचारतील. कामे खूप आहेत, हे खरे. पण रोज प्रत्येक घरी जावे, असे मी म्हणत नाही. आठवड्यातून एका संध्याकाळी एका गल्लीत जावे. आईला तिच्या बोलीत दोनच गोष्टी सांगाव्यात: मुलाला आता काय येते आणि काय येत नाही. श्रेणीपेक्षा हे शब्द तिच्या जास्त उपयोगाचे आहेत. तक्रारीआधी एखादी चांगली गोष्ट सांगितली, तर पुढच्या वेळी तीच आई आपणहून दारात उभी राहील.

विद्यार्थी मित्रांनो, यात तुमचाही वाटा आहे. तुम्हाला उर्दू येते आणि मराठीही येते. धाकट्या भावंडाचे प्रगतिपुस्तक अम्मीला वाचून दाखवा. जसे असेल तसे दाखवा. काही लपवू नका. आज घरी गेल्यावर त्याचे पुस्तक मधूनच कुठेतरी उघडा आणि एका ओळीवर बोट ठेवून वाचायला सांगा. ते अडखळले, तर हसू नका, रागावू नका. अम्मीला सांगा आणि उद्या त्याच्या शिक्षकांनाही सांगा. वर्षाच्या शेवटाची वाट पाहू नका.