ग्रहणाच्या दिवशी भाभीला कोंडू नका

26 डिसेंबर 2019. सकाळी सूर्यग्रहण होतं. भाभी तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. आदल्या रात्रीच घरात फर्मान निघालं: सुरी-कात्रीला हात लावायचा नाही, पडदे ओढून पडून राहायचं. मी मात्र अंगणात फोटो काढत होतो. कडुनिंबाच्या पानांमधल्या फटींतून जमिनीवर सूर्याच्या असंख्य कोरी पडल्या होत्या. फोटो दाखवला तर भाभी म्हणाली, "मलाही बघायचं होतं रे." पुढे बाळ सुखरूप जन्मलं. श्रेय पडद्यांना मिळालं.

ही भीती आपल्या दीनमधून आलेली नाही. हिजरी 10 मध्ये पैगंबरांचा (स.) लहानगा मुलगा इब्राहीम वारला, त्याच दिवशी ग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, सूर्यालाही शोक झाला. पैगंबरांनी ही समजूत तिथल्या तिथे खोडून काढली. सूर्य-चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरणाने किंवा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. ग्रहणात नमाज आणि दुआ आहे. गरोदर बाईला कोंडणं नाही.

निशाणी म्हटली की ती समजून घेणं आलं. माझ्या अंगणातल्या त्या कोरींचं कोडं इब्न अल-हैसमने हजार वर्षांपूर्वी ग्रहणाच्या आकारावरच्या ग्रंथात उलगडलं: छोट्या छिद्रातून सूर्याची प्रतिमाच खाली उतरते. आज माणूस ग्रहणाची वाटही पाहत नाही. आपलं आदित्य-एल1 पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरवर सूर्याची तबकडी झाकून प्रभामंडळाचे फोटो घेतं. डिसेंबर 2024 मध्ये श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या युरोपच्या प्रोबा-3 मध्ये तर एक उपग्रह 150 मीटरवरच्या दुसऱ्यावर सावली धरतो. आणि आपण अजून सुरी लपवतोय!

2 ऑगस्ट 2027 रोजी खग्रास ग्रहणाची सावली लक्सर, जेद्दा आणि मक्केवरून जाईल. ढगांनी साथ दिली तर आपल्याकडे दुपारनंतर ते खंडग्रास दिसेल. माझं म्हणणं साधं आहे. त्या दिवशी मशिदीच्या आवारात नमाज-ए-कुसूफ व्हावी आणि तिथेच मुलांना, मुलींना, आयांना ग्रहण दाखवावं. पुठ्ठ्याला बारीक भोक पाडा, सूर्याकडे पाठ करा, कागदावर पडलेली कोर पाहा. थेट पाहायचं तर आयएसओ 12312-2 प्रमाणित चष्माच हवा. एक्स-रे फिल्म, साधा गॉगल चालणार नाही. कॅमेऱ्याच्या किंवा दुर्बिणीच्या पुढच्या भिंगावर सौर फिल्टर लावा आणि खंडग्रास ग्रहणात तो क्षणभरही काढू नका. ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीतून पाहिलं तरी डोळा जाऊ शकतो.

खरी काळजी घ्यायची ती डोळ्यांची. पोटातल्या बाळाला ग्रहणाचं भय नाही. भाभीची मुलगी तेव्हा सात वर्षांची असेल. पहिला चष्मा तिला, दुसरा तिच्या अम्मीला.