टायर फुटला म्हणून नशीब फुटत नाही

मुंबई-गोवा महामार्गावर अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक ठरलेलं वाक्य असतं : 'टायर फुटल्याने चालकाचा ताबा सुटला.' आपल्या महाड-पोलादपूरकडे या वाक्यावर चौकशी संपते. जनाजा उठतो, लोक 'अल्लाहची मर्जी' म्हणतात आणि फुटलेला टायर भंगारात जातो. माझ्या मते खरी चौकशी तिथून सुरू व्हायला हवी.

मुंबई उच्च न्यायालयाचा 2023 चा एक निकाल प्रत्येकाने माहीत करून घ्यावा असा आहे. ऑक्टोबर 2010 मध्ये पुण्याहून मुंबईला निघालेल्या एका गाडीचा मागचा टायर फुटला आणि 38 वर्षांचा एक प्रवासी दगावला. न्यायाधिकरणाने त्याच्या कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपये मंजूर केले. विमा कंपनी न्यू इंडिया अश्युरन्स अपिलात गेली. टायर फुटणं ही 'देवाची करणी' आहे, असं तिचं म्हणणं. न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांनी ते फेटाळलं. टायर फुटणं हा माणसाचा निष्काळजीपणा आहे आणि निघण्यापूर्वी टायर तपासणं चालक-मालकाचं काम आहे, असं त्यांनी स्पष्ट केलं.

विमा कंपनीला देव आठवला तो पैसे द्यायच्या वेळी. आपण मात्र 'नशीब' म्हणून तिचं काम फुकटात करतो. आधी उंट बांध, मग तवक्कुल कर, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकली आहे. आजचा उंट चार चाकांचा आहे, एवढाच फरक.

आपल्या भागात धोका वेगळ्याच कारणाने वाढतो. दासगाव, वहूरपासून पोलादपूरपर्यंत कितीतरी अंगणांत गाडी ताडपत्रीखाली उभी असते. मालक आखातात, गाडी चालते फक्त ईदला आणि मे महिन्यातल्या लग्नांना. किलोमीटर कमी, खाचा खोल, म्हणून टायर 'नवेच' वाटतात. पण रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन-ओझोन त्याला कडक करतात, बारीक चिरा पडतात. हवाही हळूहळू उतरते. हवा कमी असली की टायर जास्त दबतो आणि जास्त तापतो. मग त्याच गाडीत सात माणसं आणि सामान भरून आपण भर दुपारी कशेडी किंवा आंबेनळी घाटाकडे निघतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 94 खाचांची खोली पाहतो. गाडीसाठी किमान 1.6 मिलिमीटर. टायरचं वय तो पाहत नाही, ते आपल्याला पाहावं लागतं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि जास्तीत जास्त दहा वर्षांनी बदल, टायर चालला असो वा नसो, असा सल्ला बऱ्याच कंपन्या देतात. दुकानातून 'नवा' टायर घेतानाही ही तारीख वाचा आणि पक्कं बिल घ्या.

तरीही अपघात झालाच, तर दोन वाटा आहेत. पहिली, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. कोणाचा दोष हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात. दोष दाखवता आला तर भरपाई कमाईच्या हिशोबाने. कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे, म्हणून चाळिसावा होईपर्यंत थांबलात तरी पुढे रेंगाळू नका. गाडी चुलत भावाची असते, म्हणून अनेक घरं दावा करत नाहीत. पण योग्य विमा असेल तर पैसे कंपनी देते, भाऊ नाही. त्यासाठी पॅकेज पॉलिसी हवी. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर खासगी गाडीत बसलेल्यांना त्यातून सहसा काही मिळत नाही. आखातातल्या भावांनी हप्ता वाचवताना हे लक्षात ठेवावं.

दुसरी वाट, टायरच सदोष असेल तर. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादक आणि विक्रेता दोघांनाही जबाबदार धरता येतं. तक्रार दोन वर्षांच्या आत, अलिबागच्या जिल्हा आयोगाकडे, ऑनलाइनही करता येते. खरेदी पाच लाखांपर्यंतची असेल तर फी नाही. मार्गदर्शनासाठी 1915 हा क्रमांक आहे. अर्थात टायर चुकीचा वापरला असेल तर विक्रेता हात वर करू शकतो.

दोन्हीकडे पुरावा लागतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात सिस्टीम कोसळली की दुरुस्तीआधी लॉग जपून ठेवतात. इथे फुटलेला टायर हाच लॉग. त्याचे तुकडे, चारी टायरवरच्या तारखांचे फोटो, बिल आणि पंचनाम्याची प्रत जपा. क्रेनवाला किंवा गॅरेजवाला टायर फेकून देण्याआधी कोणीतरी तिथे उभं राहायला हवं.

एकाचा दावा दुसऱ्याचा जीव वाचवतो. अमेरिकेत टायर फाटून गाड्या उलटल्याच्या तक्रारी आणि दावे साचत गेले, तेव्हा 2000 साली फायरस्टोनने सुमारे 65 लाख टायर परत मागवले. गप्प बसलेल्या घरांच्या दुःखाची नोंद कुठेच होत नाही.

सब्र दुःखाचा करावा, हक्काचा नव्हे. येत्या जुम्म्याला नमाजनंतर मशिदीबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांवरचे ते चार आकडे वाचा. कुणाच्या गाडीवर 14 किंवा 15 साल दिसलं, तर लग्नाचा हंगाम सुरू होण्याआधी त्याला सांगा.